डाग कुणाचा, लाज कुणाला?

‘डोळ्यांची उघडझाप करा.’ मोबाइलवरून बँकेत खातं उघडायला गेलं, की कधीकधी स्क्रीनवर अशी सूचना येते. समोर खरंच जिवंत माणूस आहे, कुणी नुसता फोटो धरलेला नाही, याची खात्री करून घ्यायची ही पद्धत. आपण पापणी लववतो आणि दोन सेकंदांत काम होतं. पण जिचे डोळे, पापण्या ॲसिडने जाळून टाकल्या आहेत, तिने काय लववायचं?

२०२३ च्या जुलैमध्ये हा प्रश्न प्रज्ञा प्रसून यांच्यापुढे उभा राहिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या या बाईंना खातं उघडायचं होतं, आणि पापणी हलत नाही म्हणून काम अडलं. त्या गप्प बसल्या नाहीत. आपल्यासारख्याच इतरांना सोबत घेऊन त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. दृष्टिहीन व्यक्तींच्या अडचणींची दुसरी याचिकाही त्याबरोबर ऐकली गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला. घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात डिजिटल सेवा मिळण्याचा हक्कही येतो, असं त्यांनी सांगितलं. चेहऱ्याला इजा झालेल्या आणि अंध व्यक्तींना ओळख पटवण्याचे दुसरे मार्ग मिळावेत म्हणून सरकारला नि संबंधित यंत्रणांना २० सूचना दिल्या.

आता तुम्ही म्हणाल, बँकेच्या कामाचा आणि आपल्या पुरवणीचा काय संबंध? आहे, आणि फार जवळचा आहे. ते यंत्र काही दुष्ट नव्हतं. ते तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ‘माणसाचा चेहरा’ म्हणून जे चित्र होतं, त्यात भाजलेला चेहरा नव्हताच. एवढंच. पण मैत्रिणींनो, आपल्या डोळ्यांसमोरच्या चित्रात तरी तो कुठे असतो? लग्नाच्या फोटोत, हळदीकुंकवाच्या बैठकीत, दुकानाच्या काउंटरवर, शाळेच्या स्टेजवर किती चेहरे आपण असे पाहतो? अशा बाया आपल्या गावात नाहीत म्हणून दिसत नाहीत, असं नाही. त्या घरात आहेत. मागच्या खोलीत.

गेल्या वीस वर्षांत कायदा बराच चालून आला, हे आधी सांगायला हवं. २००५ मध्ये दिल्लीत लक्ष्मी अगरवाल या पंधरा वर्षांच्या मुलीवर भर बाजारात ॲसिड फेकलं गेलं. पुढच्याच वर्षी ती न्यायालयात गेली. १८ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली. दुकानदाराने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, कशासाठी हवंय ते विचारायचं, अठरा वर्षांखालच्या कुणाला विकायचं नाही. पीडितेला किमान ३ लाख रुपये भरपाई मिळाली पाहिजे, असंही न्यायालयाने सांगितलं. त्याच वर्षी फौजदारी कायद्यात ॲसिड हल्ल्याचं वेगळं कलम आलं. आज ते भारतीय न्याय संहितेचं १२४ वं कलम आहे आणि त्यात कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना दिव्यांगांच्या यादीत घेतलं. २०२० मध्ये लक्ष्मीच्या आयुष्यावरून ‘छपाक’ हा सिनेमाही आला.

आपल्या महाराष्ट्रालाही या जखमेची ओळख आहे. मे २०१३ मध्ये नौदलाच्या रुग्णालयात नर्स म्हणून रुजू व्हायला आलेल्या प्रीती राठीवर मुंबईत वांद्रे टर्मिनसवर ॲसिड फेकलं गेलं. ती महिनाभर झुंजली आणि गेली. त्याच वर्षी राज्यात मनोधैर्य योजना सुरू झाली.

हे सगळं झालं. तरी खटल्यांचं काय? शाहीन मलिक यांच्यावर २००९ मध्ये हल्ला झाला. २०२५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर निघालं, तेव्हा सोळा वर्षं उलटूनही खालच्या कोर्टातला खटला संपलेला नव्हता. सोळा वर्षं! एवढ्या काळात एक मूल जन्माला येऊन दहावी पास होतं.

कायदा भरपाई देईल, उशिरा का होईना शिक्षा देईल, बँकेचं दार उघडेल. रस्त्यावरच्या माणसाची नजर मात्र कायदा बदलू शकत नाही. ते काम आपलं आहे. आणि ते फक्त ॲसिडपुरतं नाही.

आपल्या छोट्या गावांत भाजण्याची कारणं बहुतेक स्वयंपाकघरातलीच. रॉकेलच्या स्टोव्हचा भडका, चुलीत अडकलेला पदर, सांडलेली उकळती आमटी, कुकरची वाफ, दिवाळीतला फटाका. रॉकेल कमी झालं, गॅस आला, तरी आग ती आगच. शिवाय ऑपरेशनचे टाके आहेत. कोडाचे पांढरे चट्टे आहेत. बाळंतपणानंतर पोटावर उमटलेल्या रेघा आहेत. स्तनाच्या कर्करोगात काढून टाकलेला स्तन आहे, आणि तो कर्करोग आज आपल्या देशातल्या बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा आहे. प्रत्येकीचं दुखणं वेगळं, वजनही वेगळं. पण कपाटाच्या आरशासमोर उभं राहिलं की मनात उठणारा प्रश्न एकच असतो. आता लोक काय म्हणतील?

आपली भाषाही गंमतीची आहे. कपड्याला पडतो तोही डाग, कातडीवर राहतो तोही डाग आणि चारित्र्याला लागतो तोही डागच! शब्द एकच असल्यामुळे असेल, पण बाईच्या अंगावरचा वण पाहिला की लोकांच्या मनात तिन्ही अर्थ एकदम जागे होतात. ‘कसं गं झालं?’ हा प्रश्न वरवर काळजीचा वाटतो. त्याच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. ‘काय गं केलं होतंस?’ ॲसिड पडलं तर हिचंच काही प्रकरण असेल. भाजली तर जीव द्यायला गेली असेल, नाहीतर सासरी काही झालं असेल. चांगल्या घरच्या बायका अशा भाजत नाहीत म्हणे!

परिणाम काय होतो? बाई गप्प बसते. रुग्णालयात, पोलिसांसमोर, माहेरी, सगळीकडे तिचं एकच उत्तर ठरलेलं असतं, ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ कधी ते खरं असतं. कधी नसतं. वीस वर्षं या कामात आहे, त्यामुळे सांगते, ज्या घरात ते खरं नसतं, त्या घरात बाईची लाज हीच गुन्हेगाराची ढाल असते. ती चेहरा झाकते, आणि त्या पदराआड भलताच माणूस लपतो. म्हणून वणाची लाज जाणं हा नुसता मन मोठं करण्याचा विषय नाही. ती गेली, तरच बाईच्या तोंडून खरं बाहेर येईल.

पुरुषांचं बघा. कपाळावर खोक असली तर गडी रांगडा वाटतो. सैनिकाच्या जखमेला मान. बाइकवरून पडून हनुवटीला पडलेले टाके मुलगा मित्रांना कौतुकाने दाखवतो. त्याच अपघातात मागे बसलेल्या बहिणीच्या गालाला तीन टाके पडले, तर घरात सुतक आल्यासारखं वातावरण. ‘आता हिच्या लग्नाचं कसं व्हायचं?’ गाडी एक, रस्ता एक, डॉक्टर एक. फरक कातडीत नाही, हिशेबात आहे. मुलाचं शरीर काम करण्यासाठी, आणि मुलीचं दाखवण्यासाठी, असा तो जुना हिशेब.

तरीही आपल्याकडे सगळंच असं नव्हतं. आपल्या आज्या-पणज्या आठवा. देवीची साथ येऊन गेलेल्या गावात देवीचे वण असलेले चेहरे घरोघरी असायचे. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि हळूहळू ते चेहरे आपल्यातून गेले. त्या बायकांना त्रास झाला नसेल असं मी म्हणत नाही. लग्नं तेव्हाही अडत होती. पण त्या लपून बसल्या नाहीत. जत्रेला गेल्या, पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या, नातवंडांनी त्यांच्या गालावरचे खळगे बोटांनी मोजले. चेहरा नेहमी दिसत राहिला, म्हणून नजरेला सवय झाली.

आणखी एक. बाळ गोरंगोमटं, गुटगुटीत असलं की आपण काय करतो? गालावर काजळाची तीट लावतो. एवढं निर्दोष रूप बरं नाही, नजर लागेल म्हणतो. म्हणजे रूपात एक डाग असावा, तो माणसाला राखतो, हे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक आहे. मग तीच मुलगी सतरा-अठरा वर्षांची झाली, की तिच्या कपाळावरची एक पुटकुळीसुद्धा आपल्याला का सोसत नाही?

कारण मधल्या काळात बाजार घरात शिरला. एक प्रसिद्ध गोरेपणाचं क्रीम १९७५ पासून आपल्याकडे विकलं जात होतं. २०२० मध्ये कंपनीने त्याच्या नावातून ‘गोरं’ हा शब्द काढला. चांगलं झालं. पण लग्नाच्या बायोडाट्यातून तो निघाला का? ‘वर्ण : गोरा’, ‘वर्ण : गव्हाळ’ हे रकाने आजही भरले जातात. डाग घालवायच्या नादात मुली मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची क्रीमं आणतात. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली आहे. ती महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते. लेबल नसलेल्या काही क्रीमांत पारा असतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीमांमुळे मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण डॉक्टरांच्या लक्षात आले होते. गालावरचा डाग काढायला गेलं आणि मूत्रपिंड गमावलं, असा हा व्यवहार!

आता येऊ मूळ मुद्द्यावर. वण स्वीकारायचा म्हणजे करायचं काय?

आपल्याकडे एक सोपं उत्तर तयार असतं. ‘अगं, खरं सौंदर्य मनाचं असतं!’ हे वाक्य नेहमी धड चेहऱ्याची माणसंच म्हणतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? भाजलेल्या बाईला ते ऐकवू नका. चेहरा म्हणजे आपली ओळख. तो बदलला की माणसाला दुःख होणारच. हात गेलेल्या माणसाला आपण रडू देतो, पण चेहरा गेलेल्या बाईने दोन आठवड्यांत हसायला लागावं अशी अपेक्षा करतो. तसं होत नसतं. आधी ते रडणं तिचं तिला करू द्यावं.

आमच्या बचत गटात एक ताई आहे. एकोणिसाव्या वर्षी स्टोव्हच्या भडक्यात तिचा डावा गाल, मान आणि हात भाजला. पुढे अकरा वर्षं ती एकाही फोटोत नाही. भावाच्या लग्नातसुद्धा नाही. तेव्हा ती आतल्या खोलीत पानसुपारीची तबकं भरत होती. आम्ही तिला भाषणं दिली नाहीत. झालं असं, की गटाचा हिशेब नीट करणारी तिच्याशिवाय दुसरी कुणी नव्हती. दर महिन्याला बँकेत जायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्यांदा ती पदर नाकापर्यंत ओढून गेली. कॅशिअरने पासबुक घेतलं, वर बघितलंच नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तोच म्हणाला, ‘ताई, आज उशीर केलात? गर्दी झाली बघा.’ ती परत आली ती हसतच.

मी विचारलं, ‘मग आता बरं वाटतं ना?’ तर म्हणाली, ‘बाई, माझ्या तोंडाची सवय त्यांना झाली. मला अजून होतेय.’

मला हे उत्तर फार खरं वाटतं. स्वीकार ही एके दिवशी सकाळी उठून करायची गोष्ट नाही. काही दिवस बरे जातात. मग एखाद्या लग्नात कुणाचं तरी लहान मूल ‘आई, भूत!’ म्हणून ओरडतं आणि सगळं पुन्हा मागे जातं. पुन्हा उठायचं. गटात पैसे मोजायचे, कारण महिना कुणासाठी थांबत नाही. त्या ताईला तिच्या रूपाबद्दलच्या दिलाशाने नाही, तर तिच्यावाचून अडणाऱ्या कामाने बाहेर काढलं. हा धडा आपण सगळ्यांनीच घ्यावा. अशा बाईला दया देऊ नका. जबाबदारी द्या, पगार द्या, खुर्ची द्या.

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेचा स्तन कर्करोगामुळे काढावा लागला. बाहेरून काही दिसत नाही. ब्लाउजच्या आत ती सुती कापडाची घडी ठेवते. ती सांगत होती, ‘वर्गात मी उभी राहते तेव्हा मुलांना फळा दिसतो, मीही तोच बघते. घरी आरशासमोर मात्र वर्षभर दिवा लावला नाही.’ एका रात्री तिच्या मिस्टरांनीच तो लावला. काही बोलले नाहीत. टाक्यांच्या जागी तेल लावून दिलं, एवढंच. किती पुरुषांना हे सुचतं? ज्यांना सुचत नाही, त्यांना आपण सांगायला हवं. बायकोचा वण हा एकट्या बायकोचा विषय नाही.

आणि हो, स्वीकारायचं म्हणजे उपचार सोडायचे असं मुळीच नाही. प्लास्टिक सर्जरी करून घ्यावीशी वाटली तर ती हौस नव्हे. पापणी मिटण्यासाठी, मान वळण्यासाठी, बोटं उघडण्यासाठी ती गरज असते. नुसतं बरं दिसण्यासाठी हवी असेल, तरी त्यात लाजायचं कारण नाही. भाजल्याचा वण पिकायला वर्ष-दोन वर्षं जातात. सुरुवातीला तो लाल, जाड, खाजरा असतो, मग हळूहळू निवळतो. या काळात डॉक्टर सांगतील तसा घट्ट बसणारा पट्टा-कपडा, सिलिकॉनची जेल, मालिश, व्यायाम हे नेमाने केलं तर कातडी आखडत नाही. उन्हापासून वण जपावा. टाक्यांच्या जागी गाठीसारखा उंचवटा वाढला, तर गावातल्या कुणाकडून तो कापून किंवा जाळून घेऊ नका. असा वण पुन्हा, कधी आधीपेक्षा मोठा होऊन येतो.

काही गोष्टी तर प्रत्येक घरात माहीत हव्यात. भाजलं की लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं तो भाग धरायचा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-तूप-शाई काही नको. अंगठी, बांगड्या सूज येण्याआधी काढायच्या. ॲसिड पडलं तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि धुतधुतच दवाखान्याकडे निघायचं. ॲसिड हल्ल्यातल्या रुग्णाला लगेच मोफत उपचार देणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. हे ठणकावून सांगा. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे, महिलांची हेल्पलाइन १८१ आहे. दिव्यांगत्वाचं कार्ड काढायला विसरू नका. आणि बँकेत कुणी पापणी लववायला सांगून परत पाठवलं, तर ३० एप्रिल २०२५ च्या निकालाचं नाव घ्या.

आणखी एक दान आपल्या हातात आहे. नेत्रदान आपल्याला ठाऊक आहे, त्वचादान फारसं नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथली फक्त वरची पातळ थर घेतली जाते. मृतदेह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही. खूप भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर ही त्वचा काही काळ पांघरुणासारखी काम करते, जंतुसंसर्ग रोखते, जीव वाचवते. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात २००० सालापासून त्वचापेढी आहे आणि राज्यात इतर शहरांतही त्या आल्या आहेत. आपल्या जवळची पेढी कुठे आहे हे विचारून ठेवा, घरात सांगून ठेवा.

बाकी जे करायचं, त्याला पैसा लागत नाही. अशी बाई समोर आली तर टक लावून बघू नका, आणि बघायचं टाळूही नका. दोन्ही सारखंच लागतं. डोळ्यांत बघून, नेहमी बोलतो तसं बोला, भाज्यांच्या भावापासून मुलांच्या परीक्षेपर्यंत. ‘कसं झालं’ हे विचारू नका. सांगावंसं वाटलं की ती सांगेल, आणि सांगितलंच तर विश्वास ठेवा. लहान मूल घाबरलं तर त्याला ओढून नेऊ नका. ‘मावशीला भाजलं होतं, आता बरं झालंय,’ एवढं त्याला पुरतं. हळदीकुंकवाला बोलवाल तेव्हा तिला मागच्या सतरंजीवर नाही, आपल्या शेजारी बसवा. कोड असलेल्या मुलीच्या हातचं पाणी प्या. कोड संसर्गजन्य नाही, ते कुष्ठरोगही नाही. मुलासाठी स्थळ बघताना मुलीच्या गालावरच्या टाक्यांवर बोट ठेवाल, तेव्हा आपल्या पोटावरचे टाके आठवा. त्या टाक्यांतूनच तो मुलगा या जगात आला असेल!

या संक्रांतीला आमच्या गटाने ठरवलंय, वाण लुटायचा मान त्या हिशेबवाल्या ताईचा. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, ‘बघते.’ ‘बघते’ म्हणजे अजून ‘हो’ नाही. पण अकरा वर्षांनंतर ती नुसतं ‘नाही’ म्हणून आतल्या खोलीत गेली नाही, हेही काही थोडं नाही. तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल, तर पुढच्या महिन्याचं पासबुक तिच्या हातात देऊन बघा.